शहराची वाहतूक आखताना फाट्यावरचा प्रवासीही मोजा

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

हिंगणा तालुक्यातील मौजा गोधनी (रिठी) आणि लाडगाव (रिठी) येथील सुमारे ६९२ हेक्टर जमिनीवर ‘नवीन नागपूर’ वसवण्यास आणि शहराभोवती १४८ किलोमीटर लांबीचा बाह्य वळणमार्ग बांधण्यास राज्य मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२५ मध्ये मान्यता दिली. तेव्हापासून नागपूरच्या भावी विस्तारावर बरेच लिहिले आणि बोलले जात आहे. त्या चर्चेत मेट्रो, उड्डाणपूल, वळणमार्ग, व्यापारी संकुले असे सारे काही येते, परंतु रोज सकाळी खेड्यातून निघून या शहरात कामाला, शिकायला, औषधपाण्याला किंवा माल विकायला येणारा आणि संध्याकाळी परत जाणारा माणूस मात्र येत नाही. त्याच्या बाजूने चार गोष्टी मांडाव्यात म्हणून हे पत्र लिहीत आहे. मी वर्धा जिल्ह्याच्या सेलू तालुक्यातील एका गावी राहतो आणि माध्यमिक शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालो आहे.

‘रिठी’ या शब्दापासूनच सुरुवात करतो. ज्या मौजात एकेकाळी वस्ती होती किंवा सरकारी दप्तरी गाव म्हणून नोंद आहे, पण आज कोणी राहत नाही, त्याला आपल्याकडे रिठी म्हणतात. विदर्भातील जवळजवळ प्रत्येक तालुक्यात अशी नावे सापडतील. अशा जागी नवे शहर उभे राहावे याला माझा विरोध नाही. माझी काळजी वेगळी आहे. आज नांदत असलेली आमची गावे पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत दप्तरात रिठी म्हणून लिहिली जाणार नाहीत ना, हा प्रश्न मला पडतो आणि त्याचे उत्तर पुष्कळसे वाहतुकीच्या आखणीवर अवलंबून आहे, असे माझे मत आहे.

शहर आधी वाढते आणि मग त्याला वाहतूक पुरवावी लागते, अशी एक समजूत आहे. आमच्या भागाचा इतिहास याच्या उलट सांगतो. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा भुसावळ-नागपूर मार्ग १८६७ साली सुरू झाला. आज ज्याला आपण वर्धा शहर म्हणतो, ते त्याच सुमारास, १८६६ साली, पालकवाडी नावाच्या खेड्याच्या जागी आखून वसवले गेले आणि जिल्ह्याचे ठाणे तिथे आले. अचलपूर ही वऱ्हाडची जुनी राजधानी. इमादशाहीच्या काळात तिचा दबदबा होता. पण मुख्य रेल्वेमार्ग तिच्यापासून दूर, अकोला आणि बडनेऱ्यावरून गेला, तिला जोडणारी अरुंद रूळांची गाडी १९१३ साली आली आणि तोपर्यंत बडनेऱ्याहून फाटा मिळालेली अमरावती कितीतरी पुढे निघून गेली होती. खामगावच्या कापूस बाजारासाठी जलंबपासून अवघ्या तेरा किलोमीटरचा फाटा १८७० साली टाकला गेला. एवढ्याशा लोहमार्गाने त्या गावाच्या पेठेला केवढे बळ दिले, हे तेथील जुनी माणसे आजही सांगतात. पुलगाव स्टेशनाभोवती आणि गिरणीभोवती वाढले. नागपुरात जमशेटजी टाटांनी १ जानेवारी १८७७ रोजी एम्प्रेस मिल सुरू केली, तीही कापूस आणि रेल्वे दोन्ही हाताशी होती म्हणूनच. आमच्याच तालुक्यातील एका गावाच्या नावातच रेल्वे आहे. ते गाव सिंदी (रेल्वे) म्हणूनच ओळखले जाते. वर्गात नकाशा लावून हे सर्व शिकवताना मी मुलांना म्हणत असे की, रूळ टाकणारा माणूस खरे तर गावे टाकीत जातो.

हे खरे असेल, तर रूळ उखडले जातात तेव्हा काय होते, हेही आपण पाहिले आहे. मूर्तिजापूर-यवतमाळ आणि मूर्तिजापूर-अचलपूर या मिळून १८९ किलोमीटरच्या मार्गावर धावणारी ‘शकुंतला’ गेली काही वर्षे उभी आहे. नागपूर-नागभीड ही १०६ किलोमीटरची अरुंद मार्गावरील गाडी रुंदीकरणासाठी नोव्हेंबर २०१९ मध्ये थांबली. पुलगाव-आर्वी गाडी तर आमच्या जिल्ह्यातील तरुण मुलांना केवळ ऐकून माहीत आहे. रुंदीकरण आवश्यक होते, याबद्दल वाद नाही. मात्र जुनी गाडी बंद होणे आणि नवी गाडी सुरू होणे यांच्यामध्ये वर्षानुवर्षे जातात आणि त्या वर्षांत त्या मार्गावरच्या छोट्या स्टेशनांच्या गावांचे काय होते, याचा हिशेब कोणी ठेवत नाही. पुढे रूंद मार्ग झाला तरी गाडी त्या छोट्या स्टेशनावर थांबेलच याची खात्री नसते. वर्धा-यवतमाळ-नांदेड हा २८४ किलोमीटरचा मार्ग आमच्या भागासाठी फार मोलाचा आहे. त्यापैकी वर्धा-कळंब हा पहिला टप्पा फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाला. यवतमाळच्या लोकांनी यासाठी किती वाट पाहिली, हे त्यांनाच विचारावे.

याच न्यायाने समृद्धी महामार्गाकडेही पाहावे लागते. नागपूर ते मुंबई ७०१ किलोमीटरचा हा मार्ग जून २०२५ मध्ये पूर्ण झाला. त्यासाठी वर्धा जिल्ह्यातील शेतकऱ्यांनीही जमिनी दिल्या. मार्ग उत्तम आहे, यात शंका नाही. पण त्यावर दुचाकी, तीनचाकी आणि ट्रॅक्टर यांना प्रवेश नाही, आणि ज्याची जमीन त्यात गेली त्याच्याकडे बहुधा याच तीनपैकी एखादे वाहन असते. इंटरचेंजजवळ नवनगरे वसवण्याची मूळ कल्पना होती. तेथे शेतमालावर प्रक्रिया होईल, गावाजवळ काम मिळेल, असे सांगितले गेले होते. आम्हाला ती नवनगरे अजून दिसलेली नाहीत. त्यामुळे शेजारून वाहणाऱ्या रहदारीतून गावाच्या वाट्याला फारसे काही येत नाही आणि गावातला मुलगा आपला जुन्या रस्त्यानेच शहराकडे जातो.

तो कसा जातो, हे थोडे विस्ताराने सांगणे भाग आहे. आमच्याकडे रोज ये-जा करण्याला ‘अपडाऊन’ म्हणतात. बुटीबोरीच्या कारखान्यांत, नागपूर विमानतळाजवळच्या मिहान या उद्योगक्षेत्रात, हिंगण्याच्या औद्योगिक वसाहतीत, नागपुरातील दुकानांत, दवाखान्यांत आणि बांधकामांवर अपडाऊन करणारी माणसे आमच्या प्रत्येक गावात आहेत. पहाटे दूध घेऊन निघणारे आहेत, भाजी आणि संत्रा घेऊन जाणारे आहेत, मेडिकलला, म्हणजे नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, किंवा मिहानमधील एम्सला नंबर लावण्यासाठी चार वाजता उठणारे आहेत. पूर्वी यातील पुष्कळजण पॅसेंजर गाडीने जात. महिन्याचा पास काढला की गरिबाला परवडत असे. मार्च २०२० मध्ये टाळेबंदीत पॅसेंजर गाड्या थांबल्या. नंतर त्यांतील अनेक गाड्या एक्सप्रेसच्या नावाखाली सुरू झाल्या, दहा रुपयांच्या किमान तिकिटाला तीस रुपये मोजावे लागले आणि ते पूर्ववत व्हायला फेब्रुवारी २०२४ उजाडले. या चार वर्षांत लोकांनी सोय लावून घेतली, आणि ती सोय म्हणजे हप्त्यावर घेतलेली दुचाकी.

माझ्या शेजारचा एक मुलगा बुटीबोरीला कामाला आहे. गावापासून कारखाना तीस किलोमीटर, म्हणजे जाऊन-येऊन साठ. त्याची गाडी लिटरला पन्नास किलोमीटर देते असे धरले तरी सव्वीस दिवसांत एकतीस लिटर पेट्रोल लागते आणि आजच्या भावाने महिन्याला सव्वातीन हजार रुपये केवळ त्यात जातात. गाडीचा हप्ता आणि दुरुस्ती वेगळी. कंत्राटी कामगाराच्या पगारात हे ओझे किती जड असते ते मी वेगळे सांगायला नको. तो रात्रपाळी करून सकाळी महामार्गावरून डोळे चोळत परततो, तेव्हा त्याची आई दारात उभी असते. त्याने नीट घरी यावे यासाठी ती रोज देवाला हात जोडते, हे मी पाहिले आहे आणि म्हणूनच ‘वाहतूक’ हा माझ्यासाठी केवळ आराखड्यातला शब्द उरलेला नाही.

ज्याला दुचाकी झेपत नाही किंवा जिला ती चालवू दिली जात नाही, तिची गोष्ट याहून वाईट आहे. माझ्या एका हुशार विद्यार्थिनीला नागपुरात परिचारिकेच्या अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाला होता. तिचे तास संध्याकाळी साडेपाचला संपत आणि आमच्या फाट्यावरून गावात जाणारे शेवटचे वाहन त्याआधीच निघून गेलेले असे. फाट्यापासून गाव चार किलोमीटर आत आहे. वडील रोज सायकल घेऊन फाट्यावर जाऊन उभे राहत. पावसाळ्यात त्यांनी तिला शहरात खोली करून दिली. खोलीचे भाडे आणि खानावळ त्यांच्या कोरडवाहू पाच एकरांत बसले नाही आणि दुसऱ्या वर्षी ती घरी परतली. एकेकाळी आमच्या गावाला रात्री मुक्कामी गाडी येत असे. चालक-वाहक गावातच झोपत आणि सकाळी सहाला गाडी सुटे. ती गाडी असती तर आज ती मुलगी एखाद्या रुग्णालयात परिचारिका म्हणून काम करत असती, असे मला मनापासून वाटते.

महिलांना एसटीच्या तिकिटात १७ मार्च २०२३ पासून निम्मी सवलत मिळाली, पंचाहत्तरी ओलांडलेल्या ज्येष्ठांना त्याआधीच, ऑगस्ट २०२२ पासून, मोफत प्रवास मिळू लागला. मानव विकास कार्यक्रमातल्या निळ्या बसगाड्यांनी खेड्यांतील कितीतरी मुलींना बारावीपर्यंत शाळेत टिकवून ठेवले. हे निर्णय खरोखरच उपकारक आहेत आणि त्याबद्दल शासनाचे आभार मानलेच पाहिजेत. पण सवलत मिळते ती गाडीत बसल्यावर. बारावीनंतर निळी बस थांबते, आणि मुलीचे पुढचे शिक्षण जिथे असते त्या शहराकडे जाणारी वेळेवरची गाडी नसली तर ती सवलत फाट्यावरच राहते.

आता हाच प्रश्न शहराच्या बाजूने पाहू. ज्यांना गावी राहून शहरात काम करता येत नाही, ते काय करतात? ते दोन एकर विकतात आणि नागपूरच्या सीमेवर एखाद्या लेआउटमध्ये प्लॉट घेतात. बेसा, बेलतरोडी, हिंगणा मार्ग, वाडी, कामठी मार्ग, जिकडे पाहावे तिकडे असे लेआउट पसरले आहेत. त्यांतील कितीतरी मंजुरीविना पाडलेले, नाल्या नसलेले, पाण्यासाठी टँकरवर अवलंबून असलेले आहेत. पुढे दहा वर्षांनी नगरपालिका किंवा महापालिका तेथे जलवाहिनी, मलवाहिनी आणि रस्ते नेण्यासाठी कोट्यवधी रुपये खर्च करते. ज्या माणसासाठी पन्नास किलोमीटरवर स्वतःचे घर, विहीर आणि अंगण होते, त्याला आपण वाहतुकीअभावी एका गुंठ्यावर आणून बसवतो आणि मग त्या गुंठ्याला शहराच्या सोयी पुरवत बसतो. गावाकडे जाणारी भरवशाची गाडी यापेक्षा नक्कीच स्वस्त पडली असती. शहराचा विस्तार कुठे थांबावा हे विकास आराखड्यातील हिरव्या रंगाच्या पट्ट्याने ठरत नाही. संध्याकाळची शेवटची गाडी किती वाजता सुटते, यावर ते ठरते.

केंद्र सरकारच्या २००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणाने वाहने हलवण्यापेक्षा माणसे हलवण्याला महत्त्व द्यावे, असे स्पष्ट म्हटले होते. दक्षिण अमेरिकेतील कुरितिबा या शहराने १९७४ पासून बससाठी राखीव मार्ग आखून त्यांच्या कडेलाच उंच इमारतींना परवानगी दिली आणि शहर मार्गांच्या रेषेत वाढवले. त्याहूनही आमच्या कामाचे उदाहरण मला स्वित्झर्लंडचे वाटते. तेथे १९८२ पासून देशभर गाड्यांचे ठराविक अंतराने धावणारे वेळापत्रक लागू झाले आणि खेड्यांत जाणाऱ्या पोस्टाच्या पिवळ्या बसगाड्या त्या वेळापत्रकाशी जुळवल्या गेल्या. आगगाडी स्टेशनात शिरते तेव्हा बस बाहेर उभी असते. तो देश श्रीमंत आहे, हे मला कळते. पण बसची वेळ गाडीच्या वेळेशी जुळवण्यासाठी लागते ती इच्छा आणि दोन कार्यालयांचे एकमेकांशी बोलणे. त्यात फार पैसा लागत नाही.

नागपूर मेट्रोचा सुमारे चाळीस किलोमीटरचा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी पूर्ण झाला. दुसरा टप्पा ४३.८ किलोमीटरचा असून त्याचा मंजूर खर्च ६,७०८ कोटी रुपये आहे. त्यात एक मार्ग मिहानपासून बुटीबोरीच्या औद्योगिक वसाहतीपर्यंत, दुसरा कन्हानपर्यंत, तिसरा हिंगण्यापर्यंत आणि चौथा ट्रान्सपोर्ट नगरपर्यंत जाणार आहे. मेट्रोने प्रथमच खेड्याच्या दिशेने पाऊल टाकले आहे, म्हणून मला या टप्प्याविषयी मोठी आशा वाटते. मात्र ही चारही टोके केवळ मेट्रोची शेवटची स्थानके म्हणून बांधली गेली तर ती संधी वाया जाईल. बुटीबोरीचे स्थानक हे वर्धा, हिंगणघाट, समुद्रपूर आणि उमरेडच्या माणसासाठी शहराचे दार ठरले पाहिजे. कन्हान हे रामटेक, पारशिवनी आणि मौद्यासाठी, हिंगणा हे आमच्या सेलू तालुक्याच्या उत्तर भागासाठी. प्रत्येक ठिकाणी स्थानकाला लागून बसथांबा हवा, तोही रस्त्याच्या कडेला पत्र्याचे छत असा नव्हे; बस आत वळेल एवढी जागा, स्त्रियांसाठी स्वच्छ आणि रात्रीही उघडे असणारे स्वच्छतागृह, दूधवाल्याला कॅन ठेवता येईल अशी मोकळी जागा आणि दुचाकीसाठी परवडणाऱ्या दरात स्टँड. स्थानके बांधून झाल्यावर ही जागा मिळत नाही, त्यामुळे आताच ती नकाशावर राखून ठेवावी, अशी माझी संबंधितांना कळकळीची विनंती आहे.

रेल्वेबद्दलही एक मागणी आहे. वर्धा-नागपूर दरम्यान तिसऱ्या आणि चौथ्या मार्गाचे काम बराच काळ चालू आहे. हे मार्ग पूर्ण झाल्यावर मिळणारी मोकळीक साऱ्या मालगाड्यांना आणि दूरच्या गाड्यांना देऊन टाकू नये. खापरी, गुमगाव, बुटीबोरी, बोरखेडी, सिंदी, तुळजापूर, सेलू रोड, सेवाग्राम या प्रत्येक स्टेशनावर थांबणारी गाडी सकाळ-संध्याकाळ दर तासाला धावली पाहिजे. मुंबईच्या माणसाला लोकल नसलेल्या शहराची कल्पनाही करवत नाही. नागपूरच्या माणसाला मात्र लोकलची कल्पना करवत नाही, एवढाच काय तो फरक. वर्धा, रामटेक, भंडारा आणि नरखेडला नागपूरशी जोडणाऱ्या ब्रॉडगेज मेट्रोची, म्हणजे रेल्वेच्याच रुळांवरून धावणाऱ्या मेट्रोची, घोषणा आम्ही मोठ्या आनंदाने ऐकली होती. नवे डबे आणि वातानुकूलन आले तर स्वागतच आहे, पण ते येईपर्यंत जवळच्या अंतरावर धावणारी साधी मेमू गाडी आणि जुना मासिक पास एवढ्यावरही आम्ही समाधानी राहू.

यासाठी पैसा कोठून आणायचा, असे विचारले जाईल. नागपूर महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या क्षेत्रात नऊ तालुक्यांतील ७१९ गावे आहेत. त्या गावांत जमिनीचे भाव वाढतात ते रस्ता आणि मेट्रो येणार या बातमीनेच. जमीन अकृषिक करताना, लेआउट मंजूर करताना आणि वाढीव बांधकामाला परवानगी देताना शासकीय तिजोरीत शुल्क जमा होते. मेट्रोसाठी तर शहरात मालमत्ता खरेदीवर १ एप्रिल २०२२ पासून एक टक्का अधिभारही घेतला जात आहे. वाहतुकीमुळे वाढलेल्या जमिनीच्या मोलातून वाहतुकीला पैसा देण्याचे तत्त्व म्हणजे आपण मान्य केलेलेच आहे. त्यातील एक ठरावीक वाटा त्या ७१९ गावांतील आणि त्यांच्या पलीकडच्या तालुक्यांतील बसफेऱ्यांसाठी बाजूला काढावा आणि तो किती काढला, किती फेऱ्या सुटल्या, हे दरवर्षी ग्रामसभेसमोर मांडावे. नव्या नागपूरचा आराखडा तयार होत असताना त्यात खेड्याच्या बससाठी एक पैसाही राखला गेला नाही, तर पुढे तो राखला जाण्याची मला आशा नाही.

एक सूचना अखेरीस करतो आणि ती अतिशय प्रामाणिकपणे करतो. वाहतुकीचे सर्वेक्षण करणारी मंडळी शहरातील चौकांत उभी राहून वाहने मोजतात. त्यांनी एक आठवडा आमच्या तालुक्यातील कुठल्याही चार फाट्यांवर सायंकाळी सहा ते नऊ या वेळेत उभे राहावे. किती माणसे उतरली, त्यांत बाया किती, हातात औषधाची पिशवी किंवा वह्या कितींच्या होत्या, त्यांपैकी कितीजण पायी आत गेले, कितीजण कोणाच्या तरी दुचाकीची वाट पाहत बसले आणि नऊ वाजताही कितीजण तिथेच होते, एवढे त्यांनी लिहून न्यावे. त्यांच्या जेवणाची आणि मुक्कामाची व्यवस्था आम्ही गावकरी आनंदाने करू. नऊ वाजल्यानंतर त्यांना परत नागपूरला जाण्यासाठी आमच्याकडून गाडी नसते, म्हणून मुक्कामाचे आधीच सांगून ठेवतो.

आपला विश्वासू,
एक सेवानिवृत्त भूगोल शिक्षक,
तालुका सेलू, जिल्हा वर्धा